कुंथलगिरीच्या वाटेवर : एका तलावाचा ताळेबंद

कुंथलगिरीला वर्षातून एकदा तरी जायचे, हा आमच्या घरचा जुना नेम आहे. यंदा माघ महिन्याच्या अखेरीस सौभाग्यवतीसह बार्शीहून भल्या पहाटे निघालो. बार्शीची सपाट काळी राने मागे पडली आणि भूमच्या बाजूला रस्ता बालाघाटाच्या अंगावर चढू लागला, तशी मातीची जात बदलत गेली. काळी माती विरळ झाली, मुरूम वर आला, बांधाबांधावर बाभळी आणि बोरी दिसू लागल्या. ज्वारीची काढणी चालू होती. कापलेल्या धाटांच्या पेंढ्या रानात ओळीने मांडलेल्या होत्या आणि बायका डोक्याला पदर गुंडाळून कणसे मोडत होत्या.

बालाघाट ही फार उंच डोंगररांग नव्हे. पण पाण्याच्या दृष्टीने तिचे स्थान मोठे आहे. या रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो, तर दुसऱ्या अंगाचा मांजरेतून गोदावरीला. माथ्यावरच्या गावांच्या वाट्याला मात्र दोन्हींपैकी फारसे काही उरत नाही. खाली बेसाल्टचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. पाऊस पडतो तो पाहता पाहता उतरून जातो. म्हणून इथल्या माणसाने पूर्वीपासून पाण्याला अडवण्याचा उद्योग केला. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात जे पाझर तलाव उभे राहिले, त्यांतले कित्येक या भागात रस्त्यावरूनही दिसतात. त्यांतले बरेचसे आता गाळाने निम्मेशिम्मे भरले आहेत.

डोंगरावरची मंदिरे दिसू लागली, तेव्हा ऊन नुकते चढत होते. कुलभूषण आणि देशभूषण या दोघा राजपुत्र बंधूंची ही सिद्धभूमी. आणि आपल्या पिढीच्या आठवणीला अधिक जवळची गोष्ट म्हणजे आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना. १८ सप्टेंबर १९५५ रोजी महाराजांनी येथेच देह ठेवला. माझे वडील त्या दिवसांत दर्शनाला आले होते. आधी अन्न, मग पाणीही महाराजांनी कसे सोडले, हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी खाली येई. ज्या ठिकाणी एका महामुनीने पाण्याचाही परिग्रह उरू दिला नाही, तेथून उतरून मी पाण्याचा हिशोब पाहायला निघणार होतो. हा विचार पायऱ्या चढताना मनातून जात नव्हता.

कारण या खेपेस माझ्या पिशवीत पूजेच्या साहित्याबरोबर एक गुळगुळीत कागदावर छापलेला अहवालही होता. माझा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीत सामाजिक दायित्वाच्या खर्चाचे काम पाहतो. त्याच्या कंपनीने दोन उन्हाळ्यांपूर्वी या परिसरातल्या एका पाझर तलावाचा गाळ काढण्यासाठी पैसे दिले. काम पुरे झाले, आणि एका सल्लागार संस्थेकडून त्याचे मूल्यमापनही करून घेतले. त्या अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : गुंतवलेल्या प्रत्येक १ रुपयामागे समाजाला ६ रुपयांचा परतावा. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही कुंथलगिरीला जाताच आहात. जाता जाता तलाव बघून या. पुढच्या वर्षी याच भागात आणखी एक तलाव घ्यायचा, की पैसे दुसरीकडे न्यायचे, हे संचालक मंडळाला ठरवायचे आहे. तुमच्या नजरेला काय दिसते ते सांगा."

माझी नजर म्हणजे बँकेतल्या माणसाची. नोकरीची बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या काळात कर्जाचा विनियोग तपासायला मी गावोगाव हिंडलो आहे. कानात विम्याचा बिल्ला अडकवलेली म्हैस दारात बांधलेली पाहून 'विनियोग योग्य' असा शेरा मारायचा, आणि चार घरे पुढे गेल्यावर तीच म्हैस दुसऱ्याच्या दारात उभी दिसायची, हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसांनी एक गोष्ट शिकवली. कागदावरचा आकडा खोटाच असतो असे नाही. पण तो कोणत्या दारात उभा राहून मोजला, हे विचारल्याशिवाय त्याच्याखाली सही करू नये.

तलावाकडे वळण्यापूर्वी या 'सामाजिक परताव्या'ची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या समाजातील अनेक उद्योजकांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो. कंपनी कायदा, २०१३ याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपन्यांचे हे दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, काम पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यानंतर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घेणे बंधनकारक झाले. पुतण्याची कंपनी एवढी मोठी नाही. तिने हौसेने मूल्यमापन करून घेतले, ही गोष्ट कौतुकाचीच म्हटली पाहिजे.

परतावा रुपयांत मांडण्याची ही रीत मूळची अमेरिकेतली. सॅन फ्रान्सिस्कोतील रॉबर्ट्स एंटरप्राइज डेव्हलपमेंट फंड या संस्थेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बसवली. बेघर आणि बेकार माणसांना काम देणाऱ्या उद्योगांना ही संस्था पैसे देत असे. एखाद्याला नोकरी लागली, की सरकारचा त्याच्यावरचा खर्च वाचतो आणि तो कर भरू लागतो. या बचतीची किंमत करून ती गुंतवणुकीशी ताडून पाहता येईल, असा विचार होता. २००९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पाठबळाने या रीतीची सविस्तर मार्गदर्शिका निघाली. तिच्यातले एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते : जास्तीचा दावा करू नये. दुसरे असे की, ज्यांच्या आयुष्यात बदल घडला, त्यांनाच विचारून बदल कोणता हे ठरवावे. रीत चांगली आहे. प्रश्न ती पाळण्याचा आहे.

दर्शन, पूजा आणि भोजन आटोपून आम्ही त्या गावी पोहोचलो, तेव्हा दोन वाजले होते. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. कोणाचे उणे काढण्याचा हेतू नाही. सरपंचांनी आगत्याने स्वागत केले आणि आम्हांला थेट तलावाच्या भरावावर नेले. फाल्गुनाच्या तोंडाशी तलावात पाणी होते, हे दृश्यच सुखाचे होते. दगडी पिचिंगवर उभे राहून सरपंच हात लांबवून दाखवत होते : "शेठजी, ते बाभळीचं झाड दिसतंय ना, तिथवर गाळ होता. या दिवसांत इथं पोरं क्रिकेट खेळायची."

गाळाचे गणित सोपे आहे, आणि फसवेही. १ घनमीटर गाळ निघाला, की १,००० लिटर पाण्याला जागा होते. १०,००० घनमीटर, म्हणजे साधारण साडेतीन हजार ब्रास गाळ काढला, तर १ कोटी लिटरची जागा झाली. १०,००० लिटरचा एक टँकर धरला, तर हे झाले १,००० टँकर. अहवालाने हाच रस्ता धरला होता. वाढलेली साठवण भागिले टँकर, गुणिले टँकरचा भाव. सहा रुपयांतला मोठा हिस्सा या एका गुणाकारातून आलेला होता.

बँकेतल्या माणसाला येथे पहिली शंका येते. तलाव झाला नसता, तर गावाने १,००० टँकर विकत घेतले असते काय? नसते. माणसांना आणि जनावरांना पुरेल एवढेच पाणी आले असते, आणि उरलेले रान कोरडे राहिले असते. जी वस्तू कोणी विकत घेणारच नव्हते, तिचा भाव नफ्याच्या बाजूला कसा मांडावा? शिवाय साठलेल्या पाण्यातले काही उन्हाने उडून जाते, आणि प्रत्येक वर्षी तलाव भरतोच असेही नाही. दुकानात हजार पोत्यांची जागा आहे म्हणून हजार पोत्यांची विक्री खतावणीत लिहिणारा मुनीम आपल्यापैकी कोणी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवील का?

भरावाच्या खालच्या अंगाला एका वयोवृद्ध शेतकऱ्याची विहीर होती. मी विचारले, "अण्णा, पाण्यात किती फरक पडला?" त्यांनी विहिरीच्या कठड्याला बांधलेला एक जुना सोल दाखवला. त्याला परसापरसावर गाठी मारलेल्या होत्या. "आठ परस विहीर आहे. या दिवसांत पाणी तळाला एक परस असायचं. आता तीन परस आहे. पण साहेब, मागचा पाऊसही लई चांगला झाला होता. वरच्या शिवारातल्या विहिरीलाही पाणी आहे, तिथं कुठं तलाव आहे?"

एवढे बोलून अण्णा गवताचा भारा उचलून गेले. माझ्या मते साऱ्या अहवालात जे नव्हते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते. जे असेही झालेच असते, ते आधी वजा केले पाहिजे. तलाव नसलेल्या शेजारच्या शिवारात पाणी किती चढले, हे पाहिल्याशिवाय तलावामुळे किती चढले, हे कसे कळणार? त्यासाठी काही फार मोठी विद्या लागत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत मोजते. महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद सरकारकडे असते. अण्णांचा सोल तर कायम विहिरीवरच होता. अहवाल लिहिणाऱ्याने यांपैकी कशाचाच आधार घेतलेला दिसला नाही. गाळ काढण्यापूर्वीची एकही नोंद नव्हती. मोजमाप सुरू झाले तेच काम संपल्यावर. कर्ज देण्यापूर्वीची पाहणी न करता वसुलीच्या वेळी 'कर्जदाराची स्थिती सुधारली' असे लिहिण्यासारखेच हे झाले.

गावात परतताना खव्याच्या भट्टीवर थांबलो. कुंथलगिरीचा पेढा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ज्या खव्यातून होतो, त्याच्या भट्ट्या या भागात गावोगाव आहेत. तीन-चार मोठ्या कढया चुलाणावर चढलेल्या, दूध आटत आलेले, आणि एक बाई उलथन्याने सारखे तळ खरवडत होत्या. पाच लिटर दूध आटवावे, तेव्हा किलोभर खवा हाती येतो. तलावात पाणी आले, की कडवळ आणि घासाचा हिरवा चारा होतो. चारा झाला, की दूध वाढते. दूध वाढले, की भट्टी पेटती राहते. पाण्याचे पैसे होण्याची इथली खरी वाट ही आहे.

भट्टीवरच्या मावशींनी आपली वही उघडून दाखवली. रोज कोणाचे किती लिटर दूध आले, हे तारीखवार लिहिलेले. तलावाच्या आधीची वर्षेही त्याच वहीत होती. दूध वाढलेले दिसत होते, यात शंका नाही. वही चाळताना मात्र लक्षात आले, की वाढ मोजक्या नावांपुढे होती. मावशी म्हणाल्या, "ज्यांनी गाळ नेला, त्यांचं वाढलं." गाळ कोणी नेला? यंत्राचा आणि डिझेलचा खर्च कंपनीने केला होता. गाळ ट्रॉलीत भरून आपल्या रानात नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. २०१७ साली शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, तेव्हा तिचीही रीत हीच होती, आणि ती चुकीची नाही. स्वतःचे काही घातले, की माणूस कामाला जपतो. सुधारित योजनेत अल्पभूधारकाला वाहतुकीसाठी अनुदानही ठेवले गेले. या गावी कंपनीच्या कामात तशी सोय नव्हती. ज्याचा ट्रॅक्टर, त्याच्या रानात गाळ. दोन एकरवाल्याने भाड्याचा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून भरावावरून नुसता पाहिला.

अहवालात 'लाभार्थी कुटुंबे' असा एकच आकडा होता. त्या आकड्यात दहा ट्रॉल्या गाळ नेणारा आणि एकही न नेणारा, दोघे एकाच ओळीत उभे होते. सरासरीचा हा दोष आपण व्यापारी लोक चांगला ओळखतो. एका शाखेचा नफा दुसऱ्या शाखेचा तोटा झाकतो.

आणखी एक भेट सांगतो. गावाच्या वरच्या टोकाला भूमिहीन मजुरांची वस्ती आहे. तेथल्या एका आजींना सौभाग्यवतीने विचारले, "तुम्हांला काय मिळालं?" आजी म्हणाल्या, "जमीनच नाही, तर काय मिळायचंय?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "एक झालं. आधी मार्चपासून रात्री तीनला उठून हापशावर नंबर लावायला लागायचा. आता हापसा आटत नाही. सकाळपोवतर झोप होती."

अहवालाने पाण्यासाठी वाचलेल्या वेळाची किंमत रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने लावली होती. आजींना त्या वेळात कोणी मजुरी देणार नव्हते. त्या मजुरीला गेल्याही नव्हत्या. त्या झोपल्या होत्या. म्हणजे हिशोबाच्या दृष्टीने तो आकडा चुकला. आणि तरीही, या सबंध प्रकल्पातला सर्वांत निर्विवाद लाभ कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी आजींची झोप असेच सांगेन. तिला शेजारच्या गावातल्या पावसाचा वाटा वजा जातो की नाही, तेवढे पाहावे लागेल. पण तिचे रुपये करण्याच्या नादी लागू नये. ती जशी आहे तशीच, 'इतक्या घरांतल्या बायकांचे रात्रीचे उठणे थांबले', अशी लिहावी. प्रत्येक चांगल्या गोष्टीचे रुपयांत रूपांतर झालेच पाहिजे, हा अट्टाहास सोडला, तर अहवाल अधिक खरे होतील.

परतताना सौभाग्यवतीने विचारले, "तलाव खणताना जिवांची हिंसा झाली असेल, तीही लिहितात का?" प्रश्न आपल्या संस्कारातला होता. गाळ भर उन्हाळ्यात, तलाव कोरडा असताना काढला होता, असे सरपंचांनी सांगितले. त्यामुळे ती बरीच टळली असावी. पण तिच्या प्रश्नाने मला वहीतली दुसरी बाजू आठवली. अहवालात नावे लिहायला बाजूच नव्हती, सगळे जमाच. भट्टीला जाळायला लाकूड वाढले, ते कोठून आले? आणि सांडव्याखालच्या पुढच्या गावाचे काय?

म्हणून मोटार तशीच पुढे घेतली. पुढच्या गावचा लहान तलाव याच ओढ्यावर आहे. तेथे रस्त्याकडेला कडबा रचत असलेल्या एका तरुण शेतकऱ्याने सांगितले, "दादा, वरचा तलाव खोल झाल्यापासून आमच्याकडं ओढा उशिरा येतो. यंदा पाऊस भरपूर होता म्हणून कळलं नाही. कमी पावसाच्या सालात बघा." त्याचे म्हणणे खरे की शंका, हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्या गावाला कोणी विचारलेलेच नव्हते. एका गावाचा लाभ हा काही अंशी दुसऱ्या गावाच्या पदरातून आलेला असू शकतो. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेल्या रुपयाला मिळकत म्हणत नाहीत.

रात्री क्षेत्रावरच्या धर्मशाळेत मुक्काम होता. सामायिक झाल्यावर वही घेऊन बसलो आणि अहवालाच्या आकड्याला माझ्या परीने चाळणी लावली. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, पण रीत वाचकांना उपयोगी पडेल म्हणून देतो. समजा, अहवाल म्हणतो तसा वर्षाला १०० रुपयांचा लाभ झाला. चांगल्या पावसाने असाही झाला असता असा ३० टक्के भाग वजा केला, उरले ७०. या ७० चे सगळे श्रेय कंपनीचे नव्हे. शेतकऱ्याने ट्रॅक्टरचे भाडे भरले, बियाणे घातले, म्हशी पोसल्या, तलाव तर मुळात सरकारने बांधला. त्यांचा वाटा ४० टक्के धरला, उरले ४२. खालच्या गावाच्या पदरातून आलेला भाग १० टक्के धरला. उरले ३७ रुपये ८० पैसे. नवा गाळ दर पावसाळ्यात येतच राहणार, म्हणून लाभ दर वर्षी १५ टक्क्यांनी ओसरेल असे मानले, तर दुसऱ्या वर्षी ३२ रुपये १३ पैसे आणि तिसऱ्या वर्षी २७ रुपये ३१ पैसे. तीन वर्षांची बेरीज ९७ रुपये २४ पैसे. अहवालाने तीन वर्षांचे सरळ ३०० रुपये धरले होते. म्हणजे ६ रुपयांच्या जागी २ रुपयांनाही थोडे कमीच. आणि उद्याच्या रुपयाचे आजचे मूल्य काढले, तर त्याहूनही खाली.

पण रुपयामागे पावणेदोन रुपये ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. कोणत्या व्यापाऱ्याला असा व्यवहार वाईट वाटेल? काम चांगलेच होते. त्याला सहाचा मुलामा देण्याची गरज नव्हती.

सकाळी पुतण्याला फोन केला. सगळे ऐकून तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, सहाचा आकडा संचालकांपुढे जाऊन बसला आहे. दुसऱ्या प्रस्तावांत कोणी आठ लिहिले आहे, कोणी नऊ. मी दोन लिहिले, तर तलावाचे पैसे दुसरीकडे जातील. मग खऱ्या आकड्याने कोणाचे भले झाले?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. खरे बोलण्याने एखाद्या गावाचे पाणी जात असेल, तर माणूस अडखळतोच. पण डोळ्यांपुढे ती म्हैस उभी राहिली. आमच्या काळी तिला तीन दारांत दाखवणाऱ्यांनीही गरिबाचे भले होईल असेच म्हटले होते. शेवटी कर्जे बुडाली, आणि ज्या गरजूला खरोखर म्हैस हवी होती, त्याच्या अर्जाकडेही आम्ही संशयाने पाहू लागलो. फुगवलेला आकडा एका गावाला पैसे मिळवून देतो आणि पुढच्या दहा गावांवरचा विश्वास घालवतो. मी पुतण्याला एवढेच म्हणालो, "आठ आणि नऊ लिहिणाऱ्यांना आधीची मोजणी दाखवा म्हणावे. तू तुझी दाखव."

आपल्याकडे दानाचा विचार नवा नाही. व्यापाऱ्याच्या चोपडीत धर्मादायाचे खाते कंपनी कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तत्त्वार्थसूत्रात दानाच्या फळाची प्रत विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. किती दिले, एवढ्यावर ते थांबत नाही. कसे दिले, काय दिले, कोणत्या भावनेने दिले, आणि ज्याला दिले त्याला ते लागू पडले का, हे चारही पाहायचे. आजच्या मूल्यमापनाचे सार याहून वेगळे ते काय? आणि केलेल्या कामातले दोष आपल्याच तोंडाने आठवण्याची प्रतिक्रमणाची सवय तर आपल्या घराघरांत आहे. छापील अहवालांत नेमके तेच नसते.

काही कामांचा परतावा तीन वर्षांत कळतही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून शिकवले. त्या वेळी कोणी रुपयांत परतावा मागितला असता, तर काय दाखवता आले असते? ती मुले मोठी होऊन आपापल्या पायांवर उभी राहिली, तेव्हाच त्याचे मोल दिसले. म्हणून धीर हाही मूल्यमापनाचाच भाग समजावा.

पुढच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. त्याने संचालकांपुढे दोन्ही आकडे ठेवले होते. एक संचालक बरेच नाराज झाले. निर्णय मात्र असा झाला, की पुढचा तलाव त्याच खालच्या गावचा घ्यायचा. परंतु यंत्रे या उन्हाळ्यात न पाठवता एक वर्षभर आधी नुसती मोजणी करायची. विहिरींची पातळी, भट्टीवरचे दूध, हापशावरची रांग, कोणाकडे ट्रॅक्टर आहे आणि कोणाकडे नाही, ही सगळी. दोन एकरवाल्यांच्या वाहतुकीसाठी वेगळी रक्कम ठेवायची. म्हणजे गावाला एक वर्ष थांबावे लागणार. तो पाऊस कमी झाला, तर त्या तरुण शेतकऱ्याला मी काय तोंड दाखवणार, ही रुखरुख मला आहे, आणि ती येथे लपवत नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या पेढ्या, कारखाने आणि न्यास अशा कामांना पैसे देतात. माझी विनंती एवढीच. धनादेशावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : काम सुरू होण्याआधीची मोजणी कोठे आहे? आपण काहीच दिले नसते, तर काय झाले असते? लाभ कोणाच्या दारात थांबला आणि कोणाचे दार वगळून गेला? आणि या कामाने कोणाचे काही उणे झाले का? उत्तर लहान आले, तरी ते खरे असेल, तर त्यावर पुढचे काम उभे राहते.

कुंथलगिरीला पुन्हा जाणे होईल, तेव्हा अण्णांच्या विहिरीवर थांबणार आहे. निघताना त्यांना म्हटले होते, दर महिन्याच्या अमावास्येला सोल सोडून पाणी किती परस ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. "लिहितो की," ते म्हणाले होते, "त्याला काय पैसे पडतात?"

जय जिनेंद्र.